पाचवी ते आठवीचं इंग्रजी : मी कसं शिकवते आणि का (गोवा)

आबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. परवा दुसऱ्या एका धाग्यावर "चौथीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं पाचवीत गेल्यावर गडबडतात" असा विषय निघाला होता, तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढूया. मी फोंडा तालुक्यात एका हायस्कुलात पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवते. या विषयावर मला जे मनापासून वाटतं ते एकदा नीट लिहायचं होतंच.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, मराठी नाहीतर कोकणी माध्यमाच्या. पाचवीपासून जवळजवळ सगळीकडे इंग्रजी माध्यम. म्हणजे चौथीची परीक्षा मराठीत दिलेलं मूल सुट्टी संपवून येतं आणि विज्ञान, गणित, इतिहास, भूगोल सगळंच इंग्रजीत उघडतं. घरी कोकणी, वाचन मराठीत, मोबाइलवर हिंदी आणि आता पुस्तकात फोटोसिंथेसिस. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या मुलाचं इंग्रजी कच्चं राहिलं तर एका विषयाचे मार्क जातात, इथे सगळे विषय अडकतात. त्यामुळे पाचवी-सहावीच्या इंग्रजीच्या शिक्षकावर जी जबाबदारी येते ती फार मोठी आहे आणि ती धडे संपवून पार पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं धोरण साधं आहे. मुलाला समजल्याशिवाय बोलायला लावायचं नाही, आणि समजल्यावर गप्प बसू द्यायचं नाही.

आता बहुतेक वर्गांत काय चालतं बघा. धडा उघडा, एकेकाने उभं राहून एकेक परिच्छेद वाचा, शिक्षक मध्ये मध्ये अर्थ सांगणार, मग प्रश्नोत्तरं फळ्यावर, ती वहीत उतरवा, पाठ करा. तुम्ही मागच्या बाकावर बसून एकदा बघाच. ज्याचा नंबर सहावा आहे तो मुलगा पहिल्या पाच जणांचं काहीच ऐकत नसतो, तो बोटाने परिच्छेद मोजत आपल्या वाट्याला कुठला येणार ते शोधतो आणि तेवढाच मनात पुटपुटत बसतो, आणि वाचून झाल्यावर सुटल्यासारखा खाली बसतो. त्याने काय वाचलं विचारा, सांगता येत नाही. पूर्ण तास गेला आणि इंग्रजी कानावर पडलं ते बाकीच्या घाबरलेल्या मुलांचं अडखळतं वाचन!

म्हणून माझ्या वर्गात नव्या मजकुराचं पहिलं वाचन नेहमी मीच करते, मोठ्याने, हावभावांसकट, पुस्तकं मिटलेली. गोष्ट असेल तर पहिल्यांदा नुसती ऐकायची. मग मी विचारते काय झालं, सांगा, कुठल्याही भाषेत. कोकणीत सांगा, मराठीत सांगा, अर्धं अर्धं सांगा. एक जण सांगतो, दुसरा "ना रे, तसें न्हय" म्हणून दुरुस्त करतो, पाच मिनिटांत अख्ख्या वर्गाला गोष्ट कळलेली असते. मग दुसरं वाचन, या वेळी पुस्तक उघडून, बोट शब्दांवरून फिरवत. आणि मग तीच गोष्ट इंग्रजीत सांगायची, मोडकीतोडकी चालेल. गोष्ट माहीत असल्यामुळे मुलाचं सगळं लक्ष शब्द जुळवण्यावर जातं, काय सांगायचं याची काळजी उरत नाही.

वर्गात कोकणी-मराठी बोलू देते म्हणून मला बरंच ऐकून घ्यावं लागलंय. पण 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातसुद्धा मुलांच्या घरच्या भाषा हे वर्गातलं साधन आहे असंच मांडलंय. आणि कॅनडात जिम कमिन्स म्हणून भाषातज्ज्ञ आहेत, त्यांनी स्थलांतरितांच्या मुलांवर काम केलं. त्यांचं सांगणं असं की रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं, पण त्या भाषेतून अभ्यास करण्याइतकी तयारी व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. आता आपला हिशेब मांडा. पाचवीत सुरुवात केली तर पाच वर्षांनी मूल थेट दहावीत! मग मधल्या वर्षांत त्याला विज्ञान कळायचं कसं? घरच्या भाषेचा आधार काढून घेतला तर ते मूल दोन्हीकडून जातं, इंग्रजी येत नाही आणि विषयही कळत नाही.

दुसरी गोष्ट वाचनाची. आपली मुलं देवनागरीवर तयार झालेली असतात, जे अक्षर दिसेल तोच आवाज ही सवय पक्की. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज चव्वेचाळीसच्या आसपास. हे कोणी त्यांना समजावून सांगतच नाही, पाचवीत आल्यावर वाचता येतंच असं धरून चालतात. मी पाचवीचे सुरुवातीचे आठवडे रोज थोडा वेळ फक्त आवाजांना देते. एम-ए-डी मॅड, मागे ई लावला की मेड. एच-ए-टी हॅट, ई लावला की हेट. मुलांना हे फार आवडतं, नियम सापडला की स्वतःच शोधत सुटतात आणि मग "टीचर, हॅव्हला ई आसा तरी हेव्ह कित्याक न्हय?" असे प्रश्न येतात. असा प्रश्न आला की मी वर्ग थांबवते आणि तो प्रश्न सगळ्यांसमोर घेते, कारण तो मुलगा आता अक्षरांकडे डोळसपणे बघायला लागलाय.

बोलण्याचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, हेच खूप झालं.

रानवाट

आबोलीताई, फार बरं झालं हा धागा काढलात. आमची मुलगी यंदा चौथीत आहे, आम्ही सत्तरी तालुक्यात राहतो, गावातली सरकारी मराठी शाळा. शाळा चांगली आहे, मुलगी मराठी फडाफडा वाचते. पण घरात रोज हाच विषय. शेजारची मुलं बालरथातून (शाळेच्या बसमधून) इंग्रजी शाळेत जातात आणि आमच्या हिच्यासमोर पोएम म्हणून दाखवतात, मग ही हिरमुसते. माझी बायको म्हणते आपण चूक केली, पहिलीपासूनच इंग्रजीत घालायला हवं होतं. खरं सांगा, आमच्या मुलीचं नुकसान झालंय का?

आबोली_फोंडा

रानवाटदादा, अजिबात नाही आणि वहिनींना पण सांगा. तुमची मुलगी मराठी फडाफडा वाचते ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. वाचायचं कसं, मजकुरातून अर्थ कसा काढायचा, पुढे काय येणार याचा अंदाज कसा बांधायचा हे माणूस एकदाच शिकतो आणि ते दुसऱ्या भाषेत बरोबर घेऊन जातो. माझ्या वर्गात पाचवीला दोन प्रकारची मुलं येतात. काही इंग्रजी पोएम म्हणणारी पण कुठल्याच भाषेत एक पान समजून न वाचणारी, आणि काही इंग्रजीत गप्प पण मराठी पुस्तक हातात दिलं की बुडून जाणारी. पहिल्या सहामाहीत पहिली पुढे दिसतात. सातवीपर्यंत चित्र बहुतेक वेळा उलटं झालेलं असतं. नव्या शैक्षणिक धोरणात, 2020 च्या, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत आणि जमलं तर आठवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असंच म्हटलंय.

पण पाचवीच्या आधीच्या सुट्टीत दोन गोष्टी जरूर करा. तिला मराठी पुस्तकं वाचत राहू द्या, आता इंग्रजी आलं म्हणून ती बंद करू नका. आणि रोज थोडं इंग्रजी कानावर पडू द्या, सोप्या गोष्टी, चित्रं बघत. स्पेलिंगं पाठ करून घेऊ नका प्लीज, त्याने मूल इंग्रजीलाच कंटाळतं.

मांडवीपार

रानवाटदादांचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी पेडण्याचा, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीला एका मोठ्या हायस्कुलात गेलो. तिथे कोकणीत बोललं की दंड होता. मी पहिले काही महिने वर्गात तोंडच उघडलं नाही. पाणी प्यायला जायचं तरी विचारायचो नाही, मधल्या सुट्टीपर्यंत थांबायचो. लोकांना वाटायचं हा मठ्ठ आहे. गणितात मी आधी पहिला यायचो, तिथे शाब्दिक उदाहरणं आली की पान कोरं. आकडेमोड येत होती हो, प्रश्न काय विचारलाय तेच कळत नव्हतं!

सहावीला एक बाई आल्या, त्या रोज तास सुटायच्या आधी गोष्ट वाचायच्या आणि नेमकी रंगात आली की पुस्तक मिटायच्या. पुढे काय झालं ते कळायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. मी पहिल्यांदा इंग्रजीत वाक्य बोललो ते त्या बाईंना, गोष्टीत पुढे काय होणार ते सांगायला. आज माझं दिवसभराचं काम इंग्रजीत चालतं. त्यामुळे आबोलीताई जे म्हणतायत ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे, शंभर टक्के पटतं. दंड लावून भाषा येत नाही, मुलं फक्त गप्प बसायला शिकतात.

कुळागर

मी निवृत्त शिक्षक, डिचोली भागात बरीच वर्षं इंग्रजीच शिकवलं. आबोलीबाईंची तळमळ दिसते आणि आवाजांचं जे लिहिलंय ते उत्तमच. पण "मोडकीतोडकी चालेल" हे मला मान्य नाही. आम्ही काळ, कर्तरी-कर्मणी, वाक्यपृथक्करण पक्कं करून घ्यायचो आणि आमचे विद्यार्थी आज अर्ज, पत्रं, रिपोर्ट बिनचूक लिहितात. सहावीत चुकीचं चालवून घेतलं तर ते तोंडात बसतं, मग दहावीत कोण काढणार? व्याकरणाशिवाय भाषा उभी राहत नाही.

आबोली_फोंडा

कुळागर सर, नमस्कार. तुमच्यासारख्यांनी लिहिलं म्हणून धाग्याला वजन आलं. व्याकरण नको असं माझं म्हणणं नाही, कधी आणि किती एवढाच मुद्दा आहे. "ही गोज" मधला तो शेवटचा एस घ्या. नियम सोपा आहे, पाचवीतलं मूल पाच मिनिटांत घडाघडा म्हणून दाखवतं, गाळलेल्या जागाही बरोबर भरतं. आणि दुसऱ्या मिनिटाला बोलताना "माय फादर गो टू मार्केट". हे आपल्याच मुलांचं नाही, इंग्रजी शिकणाऱ्यांच्या बाबतीत हा एस फार उशिरा बसतो असं अभ्यासकांना वारंवार दिसलंय. ए, अ‍ॅन, द चं तसंच, आपल्या भाषेत ती जागाच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं घसरतं. त्यासाठी सहावीत प्रत्येक वाक्याला टोकलं तर मूल वाक्यच बोलायचं सोडतं.

म्हणून मी लेखन तपासताना एका वेळी एकच गोष्ट धरते. या पंधरवड्यात फक्त भूतकाळ. तेवढाच लाल पेनाने, बाकीचं सोडून देते आणि मुलांना तसं आधीच सांगते. पुढच्या पंधरवड्यात दुसरं काहीतरी. अख्खं पान लाल करून परत दिलं की मूल फक्त मार्क बघतं आणि वही मिटतं. आणि सातवी-आठवीत मी तुमच्यासारखंच रीतसर व्याकरण घेते, काळाचे तक्ते, कर्मणी, सगळं. तेव्हा मुलांकडे भरपूर वाक्यं जमा झालेली असतात, नियम त्यांना स्वतःच्या वाक्यांतच सापडतो. पाचवीत नियम दिला तर तो लावायला त्यांच्याकडे वाक्यंच नसतात हो सर.

आता बोलण्याचं. इंग्रजी शिकवण्यातले अभ्यासक एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास वगैरे ठिकाणच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला होता. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीत सोडवायची कामं दिली, रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे अशी. आधी एक काम शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर सोडवणार, मग तसंच दुसरं मुलं स्वतः करणार. डोकं उत्तर शोधण्यात गुंतलं की भाषा त्या ओघात शिकली जाते हा त्यामागचा विचार. मोठ्या शाळा, परदेशी साधनं असलं काही नाही, आपल्यासारखेच वर्ग. मला यातूनच माझी वाट सापडली.

एक नमुना देते. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी संपून शाळा सुरू झाली की सहावीला मी माटोळी घेते, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून केलेली सजावट. जोडीतला एक जण आपल्या घरच्या माटोळीचं वर्णन इंग्रजीत करणार, दुसरा त्याच्याकडे पाठ फिरवून बसणार आणि ऐकून चित्र काढणार. प्रश्न विचारायचे ते पण इंग्रजीतच. यंदा एका मुलीने सांगितलं, "इन द मिडल वन बिग बंच बनाना. लेफ्ट साइड टू कोकोनट. नियर कोकोनट चिबूड." जोडीदार विचारतो, "अप ऑर डाउन?" ती थांबली, हाताने दाखवायला गेली पण तो पाठमोरा! मग स्वतःच "नॉट अप, बिलो, बिलो द कोकोनट." बिलो आम्ही मागच्या महिन्यात एका गोष्टीत ऐकला होता, पाठ करून घेतला नव्हता. कांगणांवर (माटोळीतलं एक रानफळ) गाडी अडली तेव्हा तिने "स्मॉल यलो बॉल्स, ओपन, इनसाइड रेड" म्हणून वेळ मारून नेली. शेवटी चित्र तिच्यासमोर ठेवलं, तोरिंगाचं फळ चुकीच्या बाजूला होतं, आणि "नो नो, आय सेड राइट साइड!" असं भांडण इंग्रजीत झालं. असा तास संपला की घरी जाताना मला फार समाधान असतं.

कुळागर

एका वेळी एकच चूक धरायची हे पटलं. मी सगळ्याच चुका धरायचो, आणि हुशार मुलं त्यातून तरली हेही खरं, पण मागच्या बाकांवरची किती राहिली याचा विचार करायला हवा. तरी शुद्धलेखन मात्र पाचवीपासूनच हवं, या मुद्द्यावर मी ठाम.

कदंबप्रवासी

माध्यमाचा वाद आपल्याकडे 1990 पासून चालू आहे. तेव्हा प्राथमिकला अनुदान फक्त मराठी-कोकणी शाळांना असं ठरलं, 2011 मध्ये इंग्रजीलाही द्यायचा निर्णय झाला आणि मग आंदोलनं झाली. त्यात दोन्ही बाजू भरपूर बोलल्या, पण मुलाच्या पाचवीत पहिल्या दिवशी वर्गात काय होतं याबद्दल फार कोणी बोललं नाही. म्हणून हा धागा महत्त्वाचा वाटतो. माझा प्रश्न पालकांच्या बाजूने आहे. ज्या घरात आईवडिलांना इंग्रजी येत नाही तिथे त्यांनी करायचं काय? ट्यूशनला घालणं हाच एक मार्ग दिसतो लोकांना.

आबोली_फोंडा

कदंबप्रवासी, हा प्रश्न प्रत्येक पालकसभेला येतो. आईला इंग्रजी यायची गरज नाही. संध्याकाळी मुलाला एवढंच सांगायचं, आज इंग्रजीच्या तासाला जी गोष्ट झाली ती मला आपल्या भाषेत सांग. त्याला सांगता आली म्हणजे त्याला वर्गात समजलं. नाही आली तर दुसऱ्या दिवशी शिक्षकांना जाऊन विचारायचं. अशी विचारणारी आई वर्गाला फार उपयोगी पडते. ट्यूशनबद्दल एवढंच, की तिथेही गाईडमधली उत्तरंच उतरवून घेत असतील तर मुलाचा खेळायचा वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

आणि पुस्तकं. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 साली सुरू झालेलं, तिथे मुलांना घेऊन जा. मूल स्वतः हात लावून निवडेल ते घेऊ द्या.

शाळेतली_चिमणी

ताई, मी बार्देशात नुकतीच नोकरीला लागलेय, सहावी आणि सातवी. हे सगळं वाचून खूप हुरूप आला पण माझ्या वर्गात चाळीसच्या वर मुलं आहेत, पोर्शन संपवायचाय, युनिट टेस्ट डोक्यावर, आणि जोडीने बोलायला लावलं की इतका आवाज होतो की शेजारच्या वर्गातून निरोप येतो. सुरुवात कुठून करू? आणि मुलाला पुस्तक कठीण आहे की सोपं हे कसं ओळखायचं?

आबोली_फोंडा

चिमणी, आधी अभिनंदन गं. सगळं एकदम करायला जाऊ नकोस. पहिल्या महिन्यात फक्त एक बदल कर, पोर्शनमधलाच धडा तू स्वतः वाच, पुस्तकं मिटून, आणि मुलांना आपल्या भाषेत सांगू दे. याला जास्तीचा वेळ लागत नाही, उलट प्रश्नोत्तरांना लागणारा वाचतो, कारण धडा कळलेला असतो. प्रश्नोत्तरं फळ्यावर देऊ नकोस, जोडीने मुलांनाच प्रश्न काढायला लाव आणि चांगले प्रश्न टेस्टमध्ये घे. आपला प्रश्न पेपरात आला की मुलं हरखून जातात.

आवाजाचं म्हणशील तर जोडीकाम पाच-सात मिनिटांचंच ठेव, सुरू करताना आणि थांबवताना एक ठरलेली खूण, मी हात वर करते, ज्याला दिसेल त्यानेही करायचा. शेजारच्या शिक्षकांना आधीच सांगून ठेव आज अमुक वेळी आवाज होईल म्हणून, मग कोणी रागावत नाही. आणि जे मूल अजून बोलत नाही त्याला उभं करू नकोस. त्याला चित्र काढणारा कर, ऐकून काढेल, कान तयार झाले की बोलेल.

पुस्तक ओळखायची सोपी युक्ती. कुठलंही पान उघडून त्याला मनात वाचू दे आणि न कळलेल्या शब्दाला एकेक बोट वर करू दे. स्वतःच्या स्वतः मजेत वाचायचं तर शंभर शब्दांत दोनपेक्षा जास्त शब्द अडू नयेत असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. जास्त अडले तर ते पुस्तक तू वाचून दाखव, त्याच्या हातात सोपं दे. सातवीतला मुलगा असला तरी चित्रांचं पुस्तक दे, फक्त गोष्ट त्याच्या वयाची बघ, बाळबोध दिली तर त्याला अपमान वाटतो.

सातवीसाठी मी कदंबच्या, म्हणजे आपल्या सरकारी बसच्या, वेळापत्रकाची कार्डं केलीत. एका कार्डावर फोंडा-पणजीच्या वेळा, दुसऱ्यावर पणजी-म्हापशाच्या, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला दहाच्या आत पोचायचं तर घरातून कधी निघायचं हे दोघांनी एकमेकांना विचारून काढायचं, दुसऱ्याचं कार्ड बघायचं नाही. त्यांचे फोटो उद्या संध्याकाळी इथेच टाकते. वेळा बदलून तुझ्या भागातल्या घाल, मुलांना ओळखीचे स्टॉप असले की ती जास्त बोलतात.

शाळेतली_चिमणी

हो ताई, नक्की टाका! सोमवारी सातवी ब ला पहिला तास आहे माझा, तेव्हाच करून बघते आणि काय झालं ते इथे लिहिते.

रानवाट

ताई, कार्डं आम्हालाही चालतील ना? मुलीला घरी करायला. ती वाळपईच्या वेळा मला पाठ म्हणून दाखवते, त्यामुळे बस कुठली हे तिलाच जास्त माहीत.